घरच्यांच्या ऋणात

'ही घरची माणसं कोण? त्यांनी नेमकं काय केलं?' अमेरिकन संपादक मेगनने समासात विचारलं होतं. आसावरीला हसू आलं. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊकच होतं.

नवऱ्याची, म्हणजे देवदत्तची, कादंबरी पुण्यात छापून आली होती. तिचा इंग्रजी अनुवाद आसावरीनेच केला होता. आता फक्त सुरुवातीचं मनोगत पक्कं करायचं उरलं होतं. त्यात देवदत्तने आभार मानताना कुणालाही सोडलं नव्हतं. प्रकाशक झाले, मुद्रितं तपासणाऱ्या बाई झाल्या, ते राहत त्या अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळातली चार टाळकी झाली. इतकंच काय, ड्राइव्हवेमधला बर्फ काढून देणारा शेजारीसुद्धा नावानिशी होता. आणि मग शेवटचं वाक्य: 'घरच्यांचे आभार मानून त्यांना परके करण्यापेक्षा त्यांच्या ऋणात राहणेच मला आवडेल.' आता घरचे म्हणजे तरी कोण? या घरात दोघंच तर होती.

पुस्तक हातात आलं तेव्हा हे वाक्य वाचून तिचे डोळे भरून आले होते. तिची मैत्रीण हिमानी मात्र फटकळ. शेजाऱ्याचं नाव आहे आणि तुझं कुठे गेलं गं, असं तिने तोंडावरच विचारलं होतं. आसावरीने उलट तिलाच चार गोष्टी ऐकवल्या. आपल्या माणसाला कुणी थँक्यू म्हणतं का? आभार परक्यांचे मानायचे. घरच्या माणसाचं मनात ठेवायचं असतं.

हे ती नुसतं म्हणत नव्हती, शिकवतही होती. दर रविवारी ती नव्या अनुवादकांचा ऑनलाइन वर्ग घ्यायची. अमेरिकेच्या उत्तरेतल्या ईडन प्रेरीपासून पार दक्षिणेतल्या शुगर लँडपर्यंतची आयटीतली हौशी मंडळी जमायची. इंग्रजी लेखन कसं, तर कुणी काय केलं ते पहिल्या झटक्यात सांगून मोकळं होणारं. मराठी लेखन भिडस्त. जितकं जवळचं, तितकं आडून बोलणारं. मराठीत सांगितलं नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका, ती बजावायची. ते शोधून इंग्रजीत मांडायचं, हेच तर आपलं काम. मंडळी माना डोलवायची.

खरं तर सांगितलं नाही म्हणून नाहीच असं नव्हे, या एका वाक्याच्या आधारावर तिने बराच संसार केला होता. देवदत्तची नोकरी गेली तेव्हा, दुसरी शोधू नकोस, लिही, मी आहे, असं तीच म्हणाली होती. तेव्हापासून रोज नोकरीसाठी वुस्टरला ड्राइव्ह करायची ती, आणि घर चालायचं तिच्या पगारावर. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नव्हता. त्याला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आता इंग्रजीने त्याला बोलतं केलं असतं.

ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली. देवदत्त चहा पीत बसला होता. तिने मेगनचा प्रश्न वाचून दाखवला. इकडच्या वाचकांना असं मोघम चालत नाही, नाव हवं आणि काय केलं तेही हवं, असं समजावलं.

"मग लिही ना, माझी पत्नी आसावरी," तो म्हणाला.

"आणि काय केलं तिने?"

त्याने कप खाली ठेवला आणि खरोखर विचार केला. तो टाळत असता तर तिला कमी लागलं असतं.

"चहाचं लिही," तो म्हणाला. "वेळी-अवेळी चहा करून दिलास. आणि लिहिताना कधी डिस्टर्ब केलं नाहीस. पेशन्स वगैरे लिहितात बघ इंग्रजी पुस्तकांत, तसं काहीतरी. तुला जमतं ते."

तिने नोकरीचा विषय काढून पाहिला. हो, ती रिस्क मी घेतली खरी, पण ते मनोगतात कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं.

मग तिच्याच्याने राहवेना. कादंबरीची नायिका म्हणजे तिची सुवर्णामावशी होती. सासरच्या घरातून नेसत्या वस्त्रानिशी निघालेली, आणि मरेपर्यंत माहेरच्या दारात पाऊल न टाकलेली. सख्ख्या आईलाही न सांगितलेलं मावशीचं ते सगळं, एका हिवाळ्यात कपड्यांच्या घड्या घालता घालता, आसावरीने देवदत्तला सांगितलं होतं. सांगताना कितीदा तरी रडली होती.

"आणि सुवर्णामावशी?" तिने विचारलं.

देवदत्तला नाव आठवायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा उजळला.

"अरे हो, ती पण थोडी तशीच होती, नाही का? नायिका सुचली, लिहून झाली, आणि मग मला वाटलं, ही आसावरीच्या मावशीसारखीच झालीय. गंमतच असते यार."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत तिने नीट पाहिलं. जिथे इतकी वर्षं काहीतरी साठलंय असं ती धरून चालली होती, तिथे काही म्हणता काही नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याचा राग आला तो वेगळाच.

दोन ओळी छानपैकी इमोशनल लिही, त्याने मागून सांगितलं. ती टेबलाशी बसली. मेगनच्या प्रश्नाखाली तिने इंग्रजीत उत्तर टाइप केलं, चांगलं सरळ, पहिल्या झटक्यात सांगून टाकणारं.

'मराठी पुस्तकांत असं लिहायची पद्धत आहे. इथे त्याला काही अर्थ नाही. वाक्य काढून टाक.'