तुमच्या घरी

पडद्यावर पुन्हा लाल फुली आली. स्पीकरमधून भोंगा वाजला आणि आठवीचा वर्ग खदखदून हसला.

मागच्या बाकावर, पालकांमध्ये बसलेल्या अस्मिताने मुठी आवळल्या. संगणकापाशी तिची मनाली उभी होती. प्रश्न अगदी सोपा होता : ‘तुमच्या घरी पाणी कुठून येते?’ खाली चार चित्रं. धरणावर माऊस दाबला की हिरवं ‘शाब्बास’ येत होतं. आधीच्या सगळ्या पोरांना ते मिळालं होतं. मनालीने मात्र दोनदा विहिरीवर दाबलं.

काय करतेय ही? काल संध्याकाळी अस्मितानेच धडा घोकून घेतला होता. नववीच्या ‘अ’ तुकडीत कोण जाणार, ते आज पालकांसमोर होणाऱ्या या चाचणीच्या गुणांवर ठरणार होतं. संगणकाची खोली ‘अ’साठीच. मुख्याध्यापक वही उघडून बसले होते.

शिवाय अंबरनाथच्या या शाळेत नाव घातलं त्याच दिवशी तिने पोरीला बजावलं होतं, “आपल्या पाड्यावर नळ नाही, हे कुणाला सांगायचं नाही. हसतील.” बी.ए. झालेली अस्मिता स्वतःही पालकसभेत मुठी मिटूनच बसायची.

तिसऱ्यांदा विहीर. फुली. भोंगा.

“माऊस अडकला काय हिचा?” पुढून कुणीतरी म्हणालं.

“मनाली, अगं काल तर येत होतं तुला!” भूगोलाच्या शेलारबाई कळवळल्या. “शेवटची संधी. प्रश्न नीट वाच.”

“वाचला, बाई. परीक्षेत मी धरणच लिहीन. धरणाचा मोठा पाइप आमच्या दारावरनंच जातो. पण इथं ‘तुमच्या घरी’ विचारलंय ना.”

आणि तिने चौथ्यांदा विहिरीवर दाबलं.

बाईंनी स्पीकरची वायर उपटली. या वेळी फुली मुकाट्याने आली. कुणी हसलं नाही.

“सर, हिचंही बरोबर धरा ना,” बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी पेन उचललं. “एकटीसाठी उत्तर बदलता येणार नाही, बाई. आणखी कुणाच्या घरी विहिरीचं पाणी आहे? हात वर करा.”

पाड्यावरून येणाऱ्या चार-पाच पोरांनी माना वहीत घातल्या. मनालीने मागे वळून पाहिलं नाही. ती पडद्याकडेच बघत उभी राहिली.

शेवटच्या बाकावरून एक मूठ वर गेली आणि सगळ्यांसमोर हळूहळू उघडली. तळहातभर दोराचे घट्टे होते.