हाकेनंतरच्या आठ मात्रा

"सर, इथं कोनाच्याच कागदावर काही नाही," तालमीत क्लॅरिनेटवाला लोकेश म्हणाला. "व्हायोलिननं हाक मारली. आता जवाब कोन देते?"

निरंजनराव चष्मा पुसत बसले. नव्या राजधानीच्या महोत्सवासाठी त्यांनी समुद्राची ही रचना लिहायला घेतली होती. गुढियारी वस्तीतल्या लग्नाच्या बँडांमधून बत्तीस वादक जमवले होते. त्यातल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता. निरंजनरावांनीही नाही.

समुद्र पाहिला होता त्यांच्या मुलाने, सुशीलने. बोटीवर नोकरीला लागला तेव्हा त्यानेच फोनवर कोळ्यांची ही जुनी गोष्ट सांगितली. बुडालेल्याची आई रोज किनाऱ्यावर येऊन हाक मारते. हाक थांबली की समुद्र त्याला कायमचा ठेवून घेतो. पुढच्याच महिन्यात सुशीलची बोट बुडाली. देह काही हाती लागला नाही.

"कार्यक्रम परवा हाय सर," लोकेश चाचरत म्हणाला.

तेवढ्यात त्यांची बायको पद्मिनीबाई आल्या. हातातली गच्च भरलेली पिशवी त्यांनी खुर्चीवर ठेवली.

"पळसाची पानं आनली. गुरुजींनी सांगितली तेवढी, तीनशे साठ. उद्या सकाळी देहाच्या जागी सुशीलचा पुतळा करून अग्नी देऊ."

"रचना पुरी होऊ दे, मग करू म्हटलं ना."

"तीन वर्सं झाली, पुरीच होऊन राहिली. शेवटचं पान कितीदा फाडलं, मले मालूम नाही का? हाका मीच मारल्या जी. माहा गळा बसला. आता जाऊ द्या त्याले."

निरंजनरावांना बायकोचा राग आला, आणि ती खरं बोलते याचा त्याहून जास्त. त्यांनी पेन्सिल घेतली. मोकळ्या आठ मात्रांवर विरामाच्या खुणा केल्या आणि पुढे शेवटाच्या दोन उभ्या रेघा ओढल्या.

"हाकेनंतर आठ मात्रा गप्प राहायचं. मग संपलं."

सरांचा हात खाली येईपर्यंत वाद्य खाली ठेवायचं नाही, ही त्यांचीच शिकवण. व्हायोलिनने हाक मारली. निरंजनरावांनी हात वर धरला. सगळे मनात मात्रा मोजू लागले.

आठ झाल्या. दहा झाल्या. वीस झाल्या. हात वरच. लोकेशचे ओठ क्लॅरिनेटवर तसेच टेकलेले.

शेवटी पद्मिनीबाई उठल्या, पुढे गेल्या आणि नवऱ्याचा हात धरून त्यांनी तो हळूच खाली आणला.