मेतकुटाचा आठवा डबा

“तुझ्या वाटेवरच आहे रे ती,” असं म्हणून सुधामावशीने शाळेतल्या मैत्रिणीसाठी मेतकुटाचा डबा माझ्या बॅगेत कोंबला. मावशीच्या हिशेबाने अख्खी अमेरिका वाटेवरच असते.

घटस्फोटानंतर कुणाचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून मी बारा दिवस एकटाच गाडी घेऊन बर्फातली राष्ट्रीय उद्यानं बघत हिंडणार होतो. पाचव्या दिवशी त्या डब्यापायी बर्फातून दोनशे मैलांची वाकडी वाट केली आणि मनातल्या मनात मावशीला शिव्या घालत डोंगराखालच्या गावात शरयूकाकूंची बेल वाजवली. डबा द्यायचा आणि दारातूनच फिरायचं, असं पक्कं ठरवलं होतं.

काकूंनी हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. डबा ठेवायला कपाट उघडलं, तर आत मावशीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवलेले सात डबे. एकाचीही चिकटपट्टी निघालेली नव्हती.

“काकू, तुम्ही खात नाही हे?”

“छे! मला त्याचा वाससुद्धा सोसत नाही.” त्यांनी आठवा डबा रांगेत नीट लावला. “पण सुधाला बोलू नकोस हं. त्या निमित्ताने वर्षाकाठी कुणीतरी दार वाजवतं. चल, हातपाय धू, कुकर झालाच आहे.”

दोन रात्री राहून तिसऱ्या दिवशी काकूंकडून निघताना मावशीचा फोन आला.

“आवडलं का रे तिला?”

“फार. पुरत नाही म्हणाल्या. यापुढे दोन डबे पाठवत जा,” मी म्हणालो. “पण एकाच माणसाबरोबर नको.”