पऱ्हाटीचं तेल

अकरा टाक्यांतून नासकी घाण येत होती. मृणालने नाक मुरडतच शेवंताबाईंच्या बाराव्या टाकीचं झाकण उघडलं, तर भाजल्या शेंगदाण्यांसारखा खमंग वास आला. वर पिवळंधमक तेल तरंगत होतं.

कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाटीचा भुगा या टाक्यांत पडायचा आणि यीस्ट तो खाऊन तेल बनवायचं. गावाचे पंप त्याच तेलावर चालायचे. यंदा कपाशीवर नवं औषध फवारलं, ते भुग्यात उतरलं आणि पाकिटातलं यीस्ट पहिल्याच दिवशी मेलं. तिकडे गहू पाण्यावाचून सुकत होता.

"शेवंताबाई, यात वेगळं काय टाकलंत?"

"काई नाई वो बाई. टाकी धुवायच्या आधी वाटीभर गाळ काढून ठेवते. दहा वर्सं झाली. तुमच्या पुस्तकात नाई म्हणते, पण विरजण कोणी फेकते का?"

दरसाल टाकी धुऊन नवं पाकीट टाकायचं, हा पुस्तकातला नियम मृणालनेच लिहिला होता. दहा वर्षं दरसालचं औषध थोडं थोडं पचवत या टाकीतलं यीस्ट चांगलंच निबर झालं होतं. बाकीच्या टाक्यांसाठी गाळ न्यायला तिने बॅगेतून डबा काढला.

शेवंताबाईंनी तो हुंगला. "साबणाचा वास येते. माही वाटीच न्या. पण रिकामी वापस आणू नोका."

"का हो?"

"अन् उद्या माही टाकी मेली तं विरजण कोठून आणू?"