ईश्वरप्पाच्या नाल्यातली पोवळी

चंद्रप्रभाने दगडावर लिंबू पिळलं. रस पडला तिथे बारीक बुडबुडे उठले. तिने भिंग डोळ्याशी धरलं आणि दगडावरच्या एका चांदणीच्या रेघा मोजायला घेतल्या.

"चोवीस," ती म्हणाली. "सहाच्या पटीत. पोवळंच आहे हे."

तिच्या नवऱ्याने, रेणुकादास वकिलांनी, वहीत चोवीस लिहिलं, खाली तारीख घातली. समुद्रात जगून दगड झालेलं हे सातवं पोवळं होतं, आणि समुद्र तिथून दीडशे कोसांवर होता.

उदगीरपासून बैलगाडीने तासाभरावर ईश्वरप्पाच्या शेतातून हा नाला जात होता. चंद्रप्रभाचे वडील सोलापूरला शाळेत शास्त्र शिकवत. दगडात रुतलेले जीव ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. लग्न होऊन उदगीरला आल्यावर याच नाल्याच्या काठी तिने गोगलगायींचे दगड झालेले शंख गोळा केले होते. मग त्यांची सात वर्षांची लेक सिंधु विषमज्वराने गेली आणि भिंग ट्रंकेच्या तळाशी गेलं.

त्यानंतर वर्षभर घरात कुणी धड बोललं नाही. चंद्रप्रभा माजघरात पडून असे. तिच्याजवळ कुणीतरी हवं, असं सांगून रेणुकादासांनी मुन्सफीच्या कोर्टात जाणं सोडलं. मुवक्किल येत, ओसरीवर थोडं टेकत आणि उठून जात. खटल्यांच्या मिसलींची गाठोडी सुटतच नसत.

१९४१ची दिवाळी सुनीसुनी गेली. त्यानंतरच्या एका शुक्रवारी, म्हणजे निजामाच्या कचेऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी, रेणुकादासांनी तिला नाल्यावर चलायला सांगितलं. तिने नको म्हणून मान हलवली. पण ते कोट घालून दारात उभे राहिलेले दिसले, तशी ती उठली. त्याच दिवशी भुसभुशीत मातीत तिला पहिलं पोवळं सापडलं.

तेव्हापासून तिने एकही शुक्रवार चुकवला नाही. एकदा रेणुकादासांना कणकण होती, तर तिने काढा पाजून गाडी जुंपायला लावली. पाहुणे आले तर त्यांना जेवू घालून ती निघाली. पिशवी आणि हातोडी रेणुकादासांनी घ्यायची, वाटेत वडिलांचं पुस्तक मोठ्याने वाचायचं, खणायचं कुठे तेही त्यांनीच ठरवायचं, असा तिचा हट्ट असे. हळूहळू तिचा चेहरा खुलला. ती आता सावरते आहे असं पाहून रेणुकादास आठवड्यातून दोन दिवस मुन्सफीत जाऊ लागले. वकिलांनी बायकोला मातीतून वर काढलं, असं गावात लोक म्हणत.

ईश्वरप्पाला मात्र हे पटेना.

"बाई, चाळीस वर्सं झाली, इथं ढोरं चारतोय," तो एकदा म्हणाला. "असला दगड एक बी पाह्यला न्हाई."

तिने खणणं थांबवलं नाही.

शाळेतले सिद्धराम मास्तर हैदराबादला गेले, तेव्हा यातला एक दगड कुणाला न विचारताच घेऊन गेले. महिन्याने तिथल्या कॉलेजातून प्रोफेसर वसंतरावांचं पत्र आलं. तुमचा सगळा मुलूख लाव्हाच्या काळ्या दगडाचा, तिथे पोवळं सापडणं शक्यच नाही. तरीही मी स्वतः येऊन पाहतो, असं त्यांनी कळवलं होतं.

पत्र वाचून रेणुकादासांचा चेहरा उतरला. झालं एवढं पुरे, आता थांबावं, असं त्यांनी सुचवलं. चंद्रप्रभाने पत्राची घडी घातली.

"शुक्रवारची गाडी सांगितली ना?" तिने विचारलं.

फाल्गुनात वसंतराव आले. तिघं नाल्यावर गेले. रेणुकादासांनी जरा चाचरतच जागा दाखवली. चंद्रप्रभाने पदर खोचून खणायला घेतलं आणि घटकाभरात अकरावं पोवळं वर काढलं. वसंतरावांनी ते उलटसुलट पाहिलं, चाकूने जरासं खरवडलं. चंद्रप्रभा हात धुवायला पाण्याकडे गेली, तेव्हा त्यांनी रेणुकादासांना बाभळीखाली बोलावलं.

"वकीलसाहेब, हा दगड मद्रासकडचा, त्रिचनापल्लीचा आहे. इथे तो कुणीतरी आणून पुरतंय."

रेणुकादासांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. त्यांचा मावसभाऊ तिकडे रेल्वेत होता, तो पार्सलने दगड पाठवी. दर गुरुवारी संध्याकाळी रेणुकादास एकटेच चालत येऊन एक दगड पुरून जात.

"हिला कळू देऊ नका," ते म्हणाले. "ही भिंतीकडे तोंड करून पडून असायची हो. या दगडांच्या आशेवर उभी राहिली आहे."

वसंतरावांनी होकारार्थी मान हलवली आणि दगड पिशवीत टाकला.

घरी जेवणं झाली. वसंतरावांना संध्याकाळची गाडी पकडायची होती, म्हणून रेणुकादास टांगा आणायला गेले. चंद्रप्रभाने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि आता काय लिहिणार, असं विचारलं. अजून पुष्कळ तपासावं लागेल, एवढ्यात काही सांगता येत नाही, असं वसंतराव तिची नजर चुकवत म्हणाले.

"तसंच लिहा," ती म्हणाली. "आपल्याकडे काळ्या दगडात असली पिवळी चुनखडी कुठून येणार? पहिल्याच शुक्रवारी ओळखलं मी. पण ह्यांना बोलू नका. सिंधु गेल्यावर वर्षभर ह्यांनी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. माझं निमित्त पुढे करून ओसरीवर बसून असायचे. आता निदान दगड पुरायला तरी बाहेर पडतात."