रिकाम्या दिवशीचा एक

"मॅडम, रिकाम्या दिवशीचा एक खोडू नका," संमेलन केंद्राची चावी सांभाळणारे गफूरमामा पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. नियोजन अधिकारी केतकीने "बिघाड आहे" म्हणत ते हसण्यावारी नेलं.

महापालिकेच्या या केंद्रातली जमीन जिवंत पेशींची होती, पेरून वाढवलेली. वर बसलेल्यांच्या हृदयाचे ठोके ऐकून ती माणसं मोजायची. कार्यक्रमाला आकडा चोख यायचा, रिकाम्या दिवशी मात्र एक. केतकीने त्या प्रत्येक एकाचा शून्य केला आणि दहा वर्षांच्या आराखड्यात लिहिलं: रिकाम्या दिवशी जमिनीचं हवा-पाणी बंद.

आज दुपारी आराखड्याला मंजुरी मिळायची होती. लेकीला, ओवीला, पाळणाघरात सोडून ती शेवटची पाहणी करायला आली. सभागृह रिकामं होतं, दारावरची माणसांच्या आकड्याची पाटी एक दाखवत होती. तिने आत पाऊल टाकलं आणि पाटीवर दोन उमटले.

"मामा, आत कोण आहे?" तिने दाराशी उभ्या गफूरमामांना विचारलं.

"चपला काढा नि हात टेकवा. लेक झोपली की तिच्या छातीवर ठेवता ना, तसा."

तळव्याखाली जमीन कोमट होती. एक ठोका आला. मग इतका वेळ काहीच नाही, की तिचाच श्वास अडकला. मग दुसरा. हजारोंचे ठोके ऐकता ऐकता जमीन स्वतःचा एक शिकली होती.

"मामा, सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की! तुम्ही म्हणालात, बिघाड आहे."

केतकीने हवा-पाणी बंद करण्याचं कलम काढलं आणि आराखड्याच्या शेवटी लिहिलं: "वाचणाऱ्यास विनंती. केंद्र रिकामं असेल त्या दिवशी आत जा, जमिनीवर हात ठेवा आणि दुसरा ठोका लागेपर्यंत उठू नका."