जवसाचं पोटीस

शिंपीकाका महिनाभर तिच्या दवाखान्यात येत होते आणि गुडघ्याचे व्यायाम सांगून सांगून तिने हात टेकले होते. चित्रांसकट कागद लिहून दिला, तरी उत्तर ठरलेलं, "वेळ कुठं मिळतो, मॅडम!" मग ते यायचेच बंद झाले आणि परवा बाजारात तुरुतुरु चालताना दिसले. गुडघ्याचं काय केलंत विचारलं, तर म्हणे, "तुमच्याच घरी जातो की रोज. तुमच्या सासूबाई जवसाचं पोटीस बांधतात!"

चार वर्षं फिजिओथेरपी शिकून हे ऐकायचं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून दुपारीच दवाखान्याला कुलूप घालून ती घरी आली आणि तडक मागच्या खोलीत शिरली.

शिंपीकाका खुर्चीत बसले होते. गुडघ्यावर गरम पोटीस, आणि पाय सरळ ताणून वर, खाली, वर, खाली. समोर सासूबाई तिचाच तो कागद हातात धरून मोजत होत्या.

"अजून पाच! बांधल्यावर असा पाय हलवला नाही ना, तर पोटीस लागू पडत नाही, सांगून ठेवते."

पाच पुरे करून काकांनी घाम पुसला आणि तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.



"याला म्हणतात औषध, मॅडम. तुमच्या त्या व्यायामांनी काय होणार होतं?"